कुक्कुटगृह, किनारी प्रदेशातील

ऊन, पाऊस, वारा व हिंस्र प्राणी यांपासून कोंबड्यांचे रक्षण करण्यासाठी बांधलेल्या निवाऱ्यास कुक्कुटगृह म्हणतात. वीज व इंधन कमीत कमी खर्चून आतील तापमान पक्ष्यांना मानवेल असे राखणे, हे ऊर्जाबचतीच्या कुक्कुटगृहाचे उद्दिष्ट होय. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) हवा दमट असल्याने येथील रचना कोरड्या पठारावरील रचनेहून भिन्न असावी लागते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सु. ४१° से. असून तिला घर्मग्रंथी नसतात. सु. १८° ते २४° से. तापमान तिला मानवते. उष्मा फार वाढल्यास ती चोच उघडून धापा टाकते व श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकून शरीर थंड ठेवते. हवेत आधीच पुष्कळ बाष्प असल्यास हा उपाय अपुरा पडतो. याच कारणाने पठारावर उपयुक्त ठरणारे पाण्याचे तुषार किनाऱ्यावर फारसा गारवा देत नाहीत; उलट जमिनीवरील गादी भिजते. वाहता वारा हाच येथे मुख्य आधार होय. केवळ पंख्यांवर विसंबलेल्या गृहात मे महिन्याच्या दुपारी वीज गेल्यास काही तासांतच पक्षी दगावू लागतात.

रचना : लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी येते, मात्र समुद्रावरील वारा आडवा मिळावा म्हणून जागेनुसार ही दिशा किंचित फिरवितात. रुंदी ९ मी.पेक्षा अधिक असल्यास मध्यभागी वारा पोहोचत नाही. लांब बाजूंच्या भिंती ३० ते ४५ सेंमी. उंच बांधून वर तारेची जाळी लावतात. आढ्याशी ठेवलेल्या झरोक्यातून तापलेली हवा निघून जाते. छपरास चुन्याची सफेदी दिल्यास किंवा त्यावर पेंढा अंथरल्यास उष्णता कमी शिरते.

पावसाची झड आत येऊ नये म्हणून वळचण १ ते १.५ मी. बाहेर काढतात, परंतु तिच्याखाली शिरणारा वारा वादळात छप्पर उचलतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा जिल्ह्यात असंख्य छपरे उडाली. म्हणून पत्रे आकड्यांनी वाशांना व वासे खांबांना पक्के जखडणे आवश्यक असते.

गादी व ऊब : भातशेतीमुळे सहज मिळणारे तूस गादीसाठी वापरतात. ओलावा वाढल्यास अमोनिया वायू साचतो व रक्ती हगवण बळावते. म्हणून जोते उंच ठेवून गादी वारंवार खालीवर करतात. पिलांना पहिल्या आठवड्यात ३२° ते ३५° से. ऊब लागते. संपूर्ण गृह न तापविता ब्रूडरभोवती पत्र्याचे कडे करून तेवढीच जागा उबदार ठेवल्यास इंधन वाचते. बाजूचे गोणपाटाचे पडदे वरून खाली उघडतात, म्हणजे पिलांना थेट झोत न लागता दूषित हवा बाहेर जाते.