पूर ओसरताना: उत्तर ऑस्ट्रेलियातील जिताडा आणि नदीकाठचे लॉज

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशाचा उत्तरेकडील पट्टा तेथे ‘टॉप एंड’ या नावाने ओळखला जातो. डार्विन ही या प्रदेशाची राजधानी. तिच्या दोन्ही अंगांना समुद्राला मिळणाऱ्या डेली, मेरी, लिव्हरपूल यांसारख्या नद्यांच्या काठी आणि समोरच्या टीवी बेटांवरील खाड्यांच्या मुखाशी, पाहुण्यांना गाईडसह मासे गरवायला नेणारे लॉज गेल्या काही दशकांत उभे राहिले आहेत. पत्र्याच्या छपराच्या काही खोल्या, सामायिक जेवणघर, जनित्र, धक्क्याला बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या होड्या आणि भिंतीवर भरती-ओहोटीचे वेळापत्रक एवढाच त्यांचा पसारा असतो. काही ठिकाणी मोटारीने जाता येते, तर काही ठिकाणी छोट्या विमानाखेरीज वाट नाही. येथे येणारा पाहुणा मात्र निवासाच्या सोयींसाठी येत नाही, तो बहुधा एका माशासाठी येतो आणि त्या माशाचे तेथील नाव बारामुंडी असे आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा मासा परका नाही, कारण शास्त्रज्ञ ज्याला लॅटेस कॅल्कॅरिफर म्हणतात तोच मासा रायगड जिल्ह्यात जिताडा म्हणून ओळखला जातो. पेण-अलिबागच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात त्याची पिल्ले सोडून ती वाढवण्याची आणि मोठा झालेला जिताडा मानाच्या पाहुण्याला वाढण्याची रीत जुनी आहे. भारत-श्रीलंकेकडील आणि ऑस्ट्रेलियाकडील समूहांत जनुकीय अंतर असल्याचे संशोधकांना आढळले आहे. तरीही खाऱ्या पाण्यात जन्मणे, गोड्या पाण्यात वाढणे आणि पुन्हा खाऱ्या पाण्याकडे परतणे हा जीवनक्रम दोन्हीकडे एकच आहे. कोकणात जिताड्याची थोरवी त्याच्या चवीवर ठरत आली आणि टॉप एंडमध्ये ती चवीबरोबरच त्याच्या झुंजीवरही ठरली, एवढाच काय तो फरक.

या लॉजांचा औपचारिक इतिहास फारसा लांब नाही. मूळ रहिवाशांचा या माशाशी असलेला संबंध मात्र फार पुरातन आहे. काकडू राष्ट्रीय उद्यानातील उबिर येथील खडकचित्रांत बारामुंडी आतल्या काट्यांसह आणि अवयवांसह रेखाटलेला दिसतो, आणि माशाचा कोणता भाग कसा असतो हे चित्रकाराला किती बारकाईने माहीत होते हे त्या रेषांवरून कळते. 1976 साली झालेल्या आदिवासी जमीन-हक्क कायद्याने या प्रदेशातील विस्तीर्ण जमीन पारंपरिक मालकांकडे परत गेली. त्यामुळे आर्नहेम लँड किंवा टीवी बेटे येथे लॉज चालवायचा तर जमिनीच्या मालकांशी करार करावा लागतो आणि पाहुण्याला प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. खाऱ्या पाण्यातील मगरींच्या शिकारीवर 1971 साली बंदी आली, तेव्हा नॉर्दर्न टेरिटरीत त्यांची संख्या सुमारे 3,000 पर्यंत घसरली होती असा अंदाज आहे. आज ती लाखाच्या घरात गेली असल्याने पाण्यात हात न घालणे हा होडीवरचा पहिला नियम झाला आहे.

लॉजच्या साऱ्या व्यवहाराचा कणा म्हणजे गाईड. एका होडीत साधारणपणे दोन-तीन पाहुणे आणि एक गाईड असतो. होडी हाकणे, दोरी बांधणे, गुंता सोडवणे, मासा जाळीत घेणे ही कामे तो करतोच, पण त्याला मोबदला मिळतो तो खरे तर पाणी वाचण्याचा. ही विद्या समजून घ्यायची तर तेथील ऋतुमान आधी समजून घ्यावे लागते. डार्विनला वर्षाकाठी सुमारे 1,700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. सपाट प्रदेशातल्या नद्या तेव्हा काठ सोडून मैलोन्‌मैल पसरतात आणि नदीच्या दोन्ही बाजूंना गवताळ पूरमैदाने, म्हणजे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी सखल जमीन, एकच जलाशय बनून राहतात. फेब्रुवारीअखेरीपासून मे महिन्याच्या सुमारापर्यंत हे पाणी ओसरत राहते. इंग्रजीत ‘रन-ऑफ’ म्हणून ओळखला जाणारा हा काळ गरवणाऱ्यांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोलाचा असतो.

ओसरणारे पाणी सगळीकडून सारखे उतरत नाही. काठावरच्या चिखलात ठिकठिकाणी पडलेल्या अरुंद ओहळांतून ते नदीत येते. डार्विनच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक सुमारे 8 मीटरपर्यंत जातो आणि त्याचा परिणाम सपाट खोऱ्यांतून नदीत बराच आतवर पोहोचतो. ओहोटी लागून नदीची पातळी मैदानाच्या पातळीखाली गेली की ओहळ वाहू लागतात आणि भरती चढली की थांबतात. गवतातून गाळून आलेले ओहळाचे पाणी काळपट पण नितळ असते आणि नदीचे पाणी गाळाने दुधाळ तपकिरी झालेले असते. ही दोन पाणी जेथे भेटतात तेथे पृष्ठभागावर रंगांची एक स्पष्ट रेघ उमटते. मैदानात वाढलेले छोटे मासे आणि कोळंबी ओहळाच्या ओढीने या रेघेपाशी आपसूक येऊन पडतात. बारामुंडी रेघेच्या गढूळ बाजूला, प्रवाहाचा जोर जेथे कमी आहे अशा भोवऱ्यात, तोंड प्रवाहाकडे करून जवळजवळ निश्चल उभा असतो. शक्ती खर्च न करता भक्ष्य दाराशी यावे अशी ती जागा असते. गाईडचे कसब हे की अशा अनेक ओहळांपैकी आज कोणता वाहता आहे आणि कोणता नुसताच ओलसर आहे हे त्याला दुरून ओळखता येते.

याहून सूक्ष्म भाग वेळेचा आहे. ओहोटी नदीच्या मुखाशी आधी लागते आणि वरच्या अंगाला ती पोहोचायला काही तास जातात. त्यामुळे मुखाजवळच्या ओहळावर जी उत्तम वेळ सकाळी येऊन गेली तीच वेळ काही मैल वर दुपारी येते. जाणता गाईड मुखापासून सुरुवात करून पाण्याच्या मागोमाग वर सरकत जातो आणि एकाच दिवशी ओहोटीचा तोच अनुकूल टप्पा पाहुण्याला पुन्हा पुन्हा गाठून देतो. कोकणातले मच्छीमार तिथीवरून भरतीचे गणित मांडतात, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग ही त्यांची परिमाणे असतात. टॉप एंडमधला गाईड छापील वेळापत्रक वापरत असला तरी त्यालाही नोंद त्याच चंद्राची ठेवावी लागते. कोरड्या महिन्यांत उधाणाचे पाणी तळाचा गाळ ढवळून काढते, म्हणून त्या काळातल्या सहली बहुधा भांगाच्या दिवसांत आखल्या जातात. अलीकडे होडीवर ध्वनिलहरींनी तळ दाखवणारी यंत्रे आली असून बुडालेल्या ओंडक्याशेजारी उभा असलेला मासा त्यांच्या पडद्यावर दिसतो. तथापि मासा दिसणे आणि तो आमिष घेण्याच्या मनःस्थितीत असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर अजून पाण्याच्या जाणकारीनेच भरून निघते.

आमिष बहुतेक वेळा कृत्रिम असते. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा, बोटभर ते वीतभर लांबीचा मासा, त्याच्या तोंडाशी एक पारदर्शक जीभ आणि पोटाखाली गळ अशी त्याची रचना असते. जीभ लांब आणि आडवी असेल तर ओढल्यावर आमिष खोल जाते, आखूड आणि उभी असेल तर ते वरच्या थरात राहते. ओहळाच्या मुखाशी फेकलेले आमिष नितळ पाण्यातून गढूळ पाण्यात रेघ ओलांडून यावे लागते आणि मध्येच दोन-तीन क्षण थांबवावे लागते, कारण बारामुंडी त्यावर पुष्कळदा नेमका त्या थांब्यातच येतो. तो भक्ष्याचा चावा घेत नाही. तोंड आणि कल्ल्यांची झाकणे झटक्यात फाकवून तो पोकळी निर्माण करतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. पृष्ठभागाजवळ हे घडले की जो घुमणारा आवाज होतो त्याला तेथे ‘बूफ’ असे म्हणतात. गळ लागताच मासा पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झटकतो, आणि त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी धारदार असल्याने मुख्य दोरीच्या टोकाला जाड, घासाला टिकणारा तुकडा जोडावा लागतो.

या माशाचे खरे नवल मात्र त्याच्या आयुष्यक्रमात आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्याच्या पूर्वार्धात नदीमुखाच्या खाऱ्या पाण्यात अंडी घातली जातात. पिल्ले उधाणाबरोबर किनाऱ्यालगतच्या दलदलीत शिरतात आणि त्यांपैकी बरीच पुराच्या आधाराने गोड्या पाण्यात जाऊन वाढतात. बहुतेक मासे तीन-चार वर्षांचे झाल्यावर प्रथम नर म्हणून प्रौढ होतात, खाऱ्या पाण्याकडे उतरून प्रजननात भाग घेतात आणि साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात, लांबी 80 सेंटिमीटरच्या पुढे जाऊ लागली की, मादीत रूपांतरित होतात. पाहुण्याला ज्याची ओढ असते तो मीटरभर लांबीचा मासा म्हणजे जवळजवळ निश्चितपणे पूर्वायुष्यात नर असलेली आणि एका हंगामात लक्षावधी अंडी घालू शकणारी जुनी मादी असते. कायद्याने 55 सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही. मोठा मासा सोडून द्यावा हा आग्रह लॉजांनी आणि गाईडांनीच रुजवला आहे आणि या साऱ्या व्यवसायातली ती सर्वांत आदरणीय गोष्ट मानावी लागेल.

सोडणे हेही एक कौशल्य आहे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंज लांबली तर मासा थकून मरतो, म्हणून तो लवकर जवळ घेतला जातो. गाठी नसलेल्या मऊ जाळीत तो पाण्यातच राहू दिला जातो आणि छायाचित्रासाठी उचलायचा तर एक हात जबड्याला व दुसरा पोटाखाली देऊन आडवाच धरला जातो. जड मासा नुसत्या जबड्याने उभा लोंबकळवला तर त्याच्या मणक्याला व आतड्यांना इजा होते. त्यानंतर त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून शेपटी मारीपर्यंत जाळीचा आधार दिला जातो, आणि तेवढ्या वेळात गाईडची नजर माशापेक्षा मगरीच्या वाटेवर अधिक असते.

पाहुण्याने अनेक महिने आधी आरक्षण केलेले असते, पण पुराला तारीख नसते. पाऊस अपुरा झाला तर मैदाने भरतच नाहीत आणि ओहळ लवकर आटतात. याचा फटका त्या हंगामापुरता राहत नाही. नदीला मोठा प्रवाह आलेल्या वर्षी जन्मलेल्या बारामुंडींची पिढी संख्येने बळकट असते आणि कोरड्या वर्षीची दुबळी, असे संबंध अभ्यासांतून वारंवार दिसले आहेत. म्हणजे एका वाईट पावसाळ्याची तूट अनेक वर्षांनी मोठ्या मादीच्या रूपात जाणवते. उलट टोकही आहेच. 1998 च्या जानेवारीत डेलीची उपनदी असलेल्या कॅथरीन नदीला आलेल्या महापुराने कॅथरीन शहर बुडाले आणि खाली डेलीकाठची वस्तीही हलवावी लागली. जो पूर लॉजला जगवतो तोच त्याची खोली गाळाने भरूनही जातो.

हक्काचा प्रश्न वेगळा आहे. 30 जुलै 2008 रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ब्लू मड बे खटल्यात असा निकाल दिला की आदिवासींच्या मालकीच्या जमिनीला लागून असलेल्या भरतीरेषा व ओहोटीरेषा यांमधल्या पट्ट्यावरील पाण्यातही प्रवेश देण्या-न देण्याचा अधिकार त्याच मालकांचा आहे. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे 80 टक्के किनाऱ्याला हा निकाल लागू पडत असल्याने तोवर सर्वांचे मानले गेलेले पाणी एकाएकी परवानगीचे झाले आणि सरकार, पारंपरिक मालकांच्या वतीने बोलणाऱ्या जमीन-परिषदा व मासेमार यांच्यात दीर्घ वाटाघाटी सुरू झाल्या. गरवणाऱ्यांच्या काही गटांना हा अडथळा वाटला. मात्र ज्यांनी उबिरच्या खडकावर हा मासा काट्यांसह रेखाटला त्यांच्या वंशजांना दाराशीच्या पाण्याबद्दल विचारले जावे यात अन्याय शोधणे कठीण आहे. पारंपरिक मालकांशी नीट करार केलेल्या लॉजांना उलट एक शाश्वती मिळाली, कारण त्यांच्या खाडीत किती होड्या याव्यात हे आता कोणीतरी ठरवते.

सर्वांत अवघड संकट खाऱ्या पाण्याचे आहे. मेरी नदीच्या खालच्या खोऱ्यात 1940 च्या दशकानंतर सँपन आणि टॉमीकट या खाड्या झपाट्याने आत वाढल्या आणि खारे पाणी गोड्या पाण्याच्या मैदानात शिरून सुमारे 17,000 हेक्टर पाणथळ जमीन व तेथील मेलाल्यूका वृक्षांची वने नष्ट झाली. रानटी झालेल्या पाणम्हशींच्या वाटांनी काठ फोडले हे त्याचे एक कारण सांगितले जाते. त्यावर उपाय म्हणून ओहळांच्या मुखांशी मातीचे बांध घालण्यात आले. खारेपाटातल्या शेतकऱ्याला खारबंदिस्तीची ही लढाई आणि दर उधाणाला बांध फुटण्याची धास्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पण येथे एक पेच आहे. जो बांध गोड्या पाण्याचे मैदान राखतो तोच चुकीच्या जागी पडला तर पिल्लांची आत जाण्याची आणि माशांची बाहेर येण्याची वाट अडवतो. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याशी समुद्राची पातळी जागतिक सरासरीपेक्षा वेगाने चढत असल्याने बांध किती ठिकाणी आणि किती उंच घालायचे याचा हिशेब दर काही वर्षांनी नव्याने करावा लागणार आहे.

डेलीचे दुखणे उलट दिशेने येते. ही नदी कोरड्या महिन्यांतही वाहती राहते ती चुनखडकांत साठलेल्या भूजलामुळे, आणि याच भूजलावर वरच्या भागातील शेतीची मागणी वाढत आहे. कोरड्या महिन्यांतला हा प्रवाह घटला तर गोड्या पाण्यातले डोह एकमेकांपासून तुटतात, पाणी तापते आणि खाली उतरू पाहणारा नर वरच अडकून राहतो. 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारी या प्रजननकाळात डेली आणि मेरी या नद्यांच्या राखीव पट्ट्यांत बारामुंडी पकडण्यास बंदी असते. ती पाळली जाते म्हणून अंडी टाकणाऱ्या माद्या सुरक्षित राहतात, परंतु पाण्याच्या उपशाला असे बंदीचे महिने नाहीत. पाणीवाटपाच्या चर्चेत लॉजचालक, गाईड, शेतकरी आणि पारंपरिक मालक आता एकाच विषयावर वेगवेगळी गणिते घेऊन येत आहेत. या वर्षीच्या पुरात जन्मलेला मासा मादी व्हायला सहा ते आठ वर्षे लागत असल्याने त्या चर्चेतला कोणताही निर्णय बरोबर ठरला की चूक, हे ओहळाच्या मुखाशी उभ्या असलेल्या गाईडला तोवर कळणार नाही.