पातेल्यातला हिशेब

कॅलरीला मराठीत आपण ‘उष्मांक’ म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे. पण घरच्या पातेल्यातले उष्मांक मोजायचे कसे?

युक्ती एकच : शिजलेले मोजू नये, कच्चे मोजावे. भातात पाणी मुरून वजन वाढते. उष्मांक वाढत नाहीत. आपल्याकडच्या अन्नाची कोष्टके कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ साली प्रसिद्ध केली. ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि २०१७ साली तिने नवी कोष्टके काढली. त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीचे उष्मांक सुमारे ३३४. म्हणजे ६० ग्रॅम पिठाची भाकरी दोनशेची!

तेलाची गोष्ट न्यारी. ग्रॅमला नऊ उष्मांक! कोल्हापुरी मिसळीची तर्री निदान डोळ्यांना दिसते. भाजीत मुरलेले तेल दिसत नाही. म्हणून चमचे मोजण्यापेक्षा डबा किती दिवस पुरला ते पाहावे. दिवाळीचा महिना सोडून द्या. एरवी चौघांना महिन्याला चार किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम, म्हणजे तीनशे उष्मांक. दीड भाकरीच की!

पण चारांनी भागले म्हणून प्रत्येक ताटाचा हिशेब लागत नाही. मटणाच्या फोडी आधी बसणाऱ्यांच्या ताटात जातात. शेवटी बसणाऱ्या गृहिणीला उरलेला भात आणि पातळ रस्सा. तिचे उष्मांक कदाचित भरतील, प्रथिनांचे काय? तेव्हा वजनकाटा आणण्यापूर्वी सर्वांनी एका पंगतीला बसावे. हिशेब तिथूनच सुरू होतो.