पाचजणांचा हिशेब

युजर रिसर्चला वेळ आणि पैसा कमी पडला की डिझाइनच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं : 'पाचजणांना दाखवू आणि पुढे जाऊ.' या वाक्याला जवळपास चाळीस वर्षांचा इतिहास आहे. वाटेत त्याचा अर्धा भाग गळून पडला.

काटकसरीच्या युक्त्या मुळात श्रीमंतांच्या घरच्या. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंकरिता बारा भाषांतली आवाजी निरोपांची यंत्रणा उभारली. प्रोग्राम लिहिण्याआधीच त्यांनी ती कशी वापरली जाईल याचे प्रसंग कागदावर उतरवले आणि लोकांपुढे ठेवले. यॉर्कटाउन हाइट्सच्या संशोधन केंद्रात किऑस्कचा नुसता पोकळ सांगाडा येण्याजाण्याच्या वाटेत उभा केला. येणारे-जाणारे त्यावर शेरे मारत आणि त्यातून आराखडा सुधारत जाई. खर्च जवळजवळ शून्य.

त्या काळी 'खरी' चाचणी म्हणजे एकतर्फी काचेची खोली, कॅमेरे, तज्ज्ञ आणि जाडजूड अहवाल. हे परवडत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी काहीच होत नसे. १९८९मध्ये जेकब नील्सन यांनी यावर स्वस्तातला तोडगा मांडला : साधे, कागदी चालतील असे प्रोटोटाइप; माणसाला काम करता करता मनातलं मोठ्याने बोलायला लावणं; आणि ठरावीक नियमांवर बोट ठेवून जाणकारांनी केलेली तपासणी. १९९३मध्ये टॉमस लँडाउअर यांच्यासोबत त्यांनी गणित मांडलं. एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात. पुढचा माणूस बऱ्याच अंशी त्याच जागी अडखळतो, त्यामुळे नवं कमी कमी हाती लागतं. पाचव्या माणसापर्यंत ८५ टक्के अडचणी सापडलेल्या असतात.

२००० साली नील्सन यांनी हाच मुद्दा सोप्या शब्दांत मांडला आणि पाचचा आकडा जगभर गेला. पण त्यांचं म्हणणं तिथे संपत नव्हतं. पंधराजणांपुरते पैसे असतील तर ते एका दमात संपवू नका. पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा, मधे दुरुस्त्या करा, असं ते सांगत होते. लोकांनी पाच उचलले आणि फेऱ्या सोडून दिल्या.

आक्षेप लगेच आले. जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी २००१मध्ये चार वेबसाइटींवरच्या ४९ चाचण्या तपासल्या. पहिल्या पाचजणांत ३५ टक्केच अडचणी निघाल्या होत्या. २००३मध्ये लॉरा फॉकनर यांनी साठजणांच्या चाचणीतून पाच-पाचचे गट काढून पाहिले. एखाद्या गटाला ९९ टक्के अडचणी सापडल्या, तर एखाद्याला जेमतेम ५५. म्हणजे ८५ ही सरासरी होती, हमी नव्हे. रॉल्फ मोलिक यांनी नऊ वेगवेगळ्या चमूंकडून हॉटमेल ही ईमेल सेवा तपासून घेतली, तेव्हा निघालेल्या ३१० अडचणींपैकी तीन चतुर्थांश केवळ एकेका चमूलाच दिसल्या होत्या.

आपल्याकडे आणखी एक पेच होता. समोर बसलेल्या पाहुण्याचं काम वाईट म्हणायचं कसं? 'छान आहे' म्हणून माणूस मोकळा होतो. मुंबईत काम करणाऱ्या अपला लाहिरी चव्हाण यांनी त्यावर 'बॉलिवुड पद्धत' काढली. विमानाचं तिकीट काढून दाखवा, असं नुसतं सांगायचं नाही. तुमच्या भाचीचं लग्न ठरलंय, नवरा मुलगा सुपारी घेऊन खून करणारा आणि आधीच विवाहित निघालाय, त्याच्या बायकोला घेऊन ताबडतोब बंगळूरू गाठायचंय, असा प्रसंग द्यायचा. नाट्यात शिरलेला माणूस भीडभाड विसरतो आणि वेबसाइटवर मनापासून वैतागतो. या पद्धतीला पैसा लागत नाही, माणसांची जाण लागते.

एवढ्या वर्षांचा ताळा मांडला तर काय कापावं आणि काय नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. काचेची खोली नको, रंगीत अहवाल नको, घाईत असाल तर व्हिडिओही नको. मात्र माणसं खऱ्या गिऱ्हाइकांतली हवीत. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना बसवून भागत नाही. आणि दुसरी फेरी हवीच. हाती आठजण असतील तर चार आज, चार दुरुस्तीनंतर. वेळापत्रकात त्या दुसऱ्या चौघांचा दिवस आधीच लिहिलेला नसेल, तर पहिल्या चौघांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या की नुसत्या बदलल्या, हे कुणालाच कळणार नाही.