गाळणी बारीक नको, गाळ मोठा करा

पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की लोणावळा, कर्जत, अलिबागच्या बंगल्यांमधून एकच तक्रार ऐकू येते. स्विमिंग पूलचे पाणी गढूळ झाले आहे, फिल्टर दोन दिवस अखंड चालू आहे, तरी तळ काही दिसत नाही. मग क्लोरीन दुप्पट टाकले जाते, फिल्टरमधली वाळू बदलली जाते आणि शेवटी सगळे पाणी सोडून देऊन टँकर बोलावले जातात. टँकरच्या पाण्यातही तोच बारीक गाळ निघाला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

बहुतेक वेळा फिल्टर बिघडलेला नसतोच. जे काम त्याला कधीच जमणार नव्हते, ते त्याच्यावर सोपवलेले असते.

घरगुती पूलच्या फिल्टरमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्यांची वाळू असते. ती २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चिकणमातीचा कण मात्र २ मायक्रॉनहूनही लहान. कार्ट्रिज फिल्टर वाळूपेक्षा बारीक गाळतो, पण तोही १० ते २० मायक्रॉनपर्यंतच. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची पूड वापरणारे फिल्टर ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत पोहोचतात, पण पावसाळी गढूळ पाण्यात ते लवकर चोंदतात. म्हणजे गाळणी कितीही बारीक घेतली, तरी मातीचा सर्वांत लहान कण तिच्यातून निसटतोच.

मग तो आपोआप तळाशी का बसत नाही? याचे गणित जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडले. कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. २० मायक्रॉनचा कण दीड मीटर खोल संथ पाण्यात साधारण सव्वा तासात तळ गाठतो. २ मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी चार-पाच दिवस लागतात. त्याहून लहान कण तर पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तरंगतच राहतात. शिवाय मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे त्यांची गाठ बनत नाही आणि वजनही वाढत नाही. दख्खनच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे पाण्यात फुगणारे, अतिशय बारीक खनिज भरपूर असते. त्यामुळे काळ्या मातीने गढूळ झालेले पाणी निवळायला विशेष वेळ घेते.

शहराला पाणी पुरवणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रातही वाळूचेच फिल्टर असतात, आणि तिथून पाणी स्वच्छ बाहेर पडते. याची कारणे दोन. पहिले कारण वेगाचे. केंद्रातल्या वाळूतून पाणी ताशी साधारण ५ ते ६ मीटर या संथ गतीने खाली उतरते. घरच्या ६०० मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरमधून ताशी आठ हजार लिटर पाणी ढकलले, तर तोच वेग २८ मीटर होतो. वाळू काही फक्त चाळणीसारखी काम करत नाही. दाण्यांमधल्या फटींपेक्षा लहान कणही दाण्यांना घासून जाताना चिकटतात. पण पाणी सुसाट वाहत असेल, तर चिकटायला सवड मिळत नाही आणि चिकटलेले कणही सुटतात. पंपाचा वेग कमी-जास्त करता येत असेल, तर तो निम्मा करून दुप्पट वेळ चालवावा. फेरे निम्मे केले की विजेची ताकद जवळपास आठपट कमी लागते, म्हणून दुप्पट वेळ चालवूनही बिल घटते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. केंद्रात पाणी फिल्टरवर येण्याआधी त्यात तुरटी किंवा तिच्याच जातीचे पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड मिसळतात आणि गाळ खाली बसू देतात. फिल्टरच्या वाट्याला उरलेसुरले कण येतात. घरच्या पूलमध्ये मधल्या दोन्ही पायऱ्या गाळून आपण थेट शेवटच्या पायरीवर उभे राहतो.

गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन भार असतात. ते मातीच्या कणांवरचा ऋण भार निष्प्रभ करतात. सोबत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो आणि कण त्यात गुंतत जातात.

हे डोळ्यांनी पाहता येते. दहा ग्रॅम तुरटीची पूड एक लिटर पाण्यात विरघळवा. काचेच्या बाटलीत पूलचे एक लिटर पाणी घेऊन त्यात हे द्रावण दोन-तीन मिलिलिटर घाला, एकदा जोरात आणि मग काही मिनिटे हळूहळू ढवळा. सुरुवातीला काहीच घडल्यासारखे वाटत नाही. मग पाण्यात मातकट पुंजके दिसू लागतात, एकमेकांना चिकटून वाढतात आणि खाली बसायला लागतात. रात्रभरात वरचे पाणी नितळ झाले, तर तुमचा शत्रू माती आहे. याच प्रमाणाने ४५ हजार लिटरच्या पूलला एक किलोच्या आसपास तुरटी लागते.

ती टाकण्याआधी पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणावा. एक किलो तुरटी पाण्यातली सुमारे अर्धा किलो क्षारता खाते. पावसाच्या पाण्यात क्षारता मुळातच कमी असल्याने अशा वेळी खाण्याचा सोडा घालावा लागतो. तुरटीचे द्रावण संध्याकाळी पूलभर पसरावे, व्हॉल्व्ह फिल्टर टाळणाऱ्या ‘रीसर्क्युलेट’वर ठेवून तासभर पाणी फिरवावे आणि पंप बंद करावा. गाळ बसेपर्यंत कुणीही पाण्यात उतरू नये. दुसऱ्या दिवशी तळाचा गाळ व्हॅक्यूमने अगदी सावकाश ओढून घ्यावा. इथेच हमखास चूक होते. व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वरच राहिला, तर पुंजके वाळूत फुटतात आणि गाळ पुन्हा पूलमध्ये येतो. व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर हवा, म्हणजे गाळ थेट गटारात जातो.

दुसरी चूक अतिस्वच्छतेची. वाळूवर थोडा गाळ साचला की ती अधिक बारीक कण पकडते. रोज बॅकवॉश करणारा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुणारा माणूस तिला कामाला लागूच देत नाही. प्रेशर गेजचा काटा स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेला, तरच बॅकवॉश करावा. प्रत्येक वेळी पाचशे लिटरच्या आसपास पाणी वाया जाते, हेही लक्षात असू द्यावे.

बोअरचे नितळ पाणी क्लोरीन टाकताच तपकिरी झाले, तर मात्र ती माती नव्हे. पाण्यात विरघळलेल्या लोहाचे क्लोरीनमुळे झालेले ते बारीक कण असतात. अशा वेळी वाळू बदलून उपयोग नाही. पाण्यातल्या लोहाचाच बंदोबस्त करावा लागतो.

सगळ्यात स्वस्त फिल्टर पूलच्या काठावर असतो. काठ आसपासच्या जमिनीपेक्षा थोडा उंच हवा, फरशीचा उतार पूलपासून बाहेरच्या बाजूला हवा आणि उताराच्या वरच्या अंगाला पाणी अडवून वळवणारा चर हवा. उघड्या मातीवर हिरवळ लावावी. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्यावरून लाल पाणी निथळते, त्याचीही वाट वळवावी. टँकरचे पाणी शक्य असल्यास आधी टाकीत निवळून मगच पूलमध्ये सोडावे.

हे सारे केवळ देखणेपणासाठी नाही. गढूळ पाण्यात बुडणारा माणूस काठावरून दिसत नाही, आणि लहान मूल तर नाहीच नाही. म्हणून सगळ्यात खोल जागेचा तळ स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी कुणालाही पूलमध्ये उतरू देऊ नका.