राखणदाराची राखण

टेंभुर्णी. मे महिना. सकाळचे सहा वाजलेत आणि समोरच्या घराचे पत्रे आत्ताच तापू लागलेत. मी ओट्याची पायरी चढतो.

ओट्याच्या कोपऱ्यात चार फूट लांब, तीन फूट रुंद जागा अडवलेली आहे. दोन बाजूंना भिंत. उरलेल्या दोन बाजूंना बांबू रोवून ताणलेलं हिरवं शेडनेट, मिरचीच्या प्लॉटवरून उरलेलं. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर गोणपाट, त्यावर जुन्या गोधडीची घडी. गोधडीवर शेरू.

आई गावठी, बाप शहरातून आलेला डॅशहंड. म्हणून अंग लांब, पाय आखूड. मला पाहून त्याचे कान उभे राहतात, पुढचे पाय सरसावतात. मागचे दोन पाय मात्र एका कुशीला तसेच पडून राहतात.

आजी त्याच्याजवळ मांडी घालून बसतात. दोन्ही तळहात त्याच्या पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे ठेवतात. बोटं चाचपतात, थांबतात. आत पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी लागतं. आजी हळू दाबतात, दाब सोडत नाहीत. धार लागते. लघवी तुंबल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, तेव्हा हे काम हातांनी करायचं. दिवसातून चार वेळा. राहून गेलं तर आत संसर्ग होतो.

मग ओलं फडकं, मग कोरडं. नात शेपटी उचलून मांड्यांच्या घड्या नीट बघते. या दिवसांत ओलसर कातडीवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही.

नऊ वाजता दवाखान्यात जायचं आहे. शेरूला उचलायची रीत ठरलेली. आजीचा एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली. पाठ फळीसारखी सरळ. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये गोधडी, गोधडीवर शेरू. कॅरेट दोघांनी धरायचं. मोटारसायकल नाही, एक खड्डा महागात पडेल.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली रांग आहे. लोखंडी खोड्यात एक गाय उभी, नाकातून फुरफुरते. मागे दोन शेळ्या, एक कालवड, पायाला पट्टी बांधलेला बैल. शेणाचा आणि औषधाचा वास एकमेकांत मिसळलाय. केसपेपर हातात धरून माणसं सावलीबरोबर सरकतात.

"कुत्र्याला काय झालं, माय?" बैलवाले बाबा विचारतात.

"मणक्यातली गादी सरकली."

बाबा स्वतःच्या कमरेवर हात ठेवतात. "मह्याबी मणक्यात गॅप हाय. डॉक्टर म्हनले आराम करा. आराम करून कसं भागंल?" ते कॅरेटमध्ये वाकून बघतात. मग बैलाचा कासरा आवळून थोडं मागे सरतात. शेरूवर सावली येते.

नंबर यायला सव्वा तास लागतो. डॉक्टर चिमट्यानं मागच्या पायाचं बोट दाबतात. पाय आखडतो.

"कळलं त्याला!" नात ओरडते.

डॉक्टर मान हलवतात. पाय आखडणं मज्जारज्जूतल्या मज्जारज्जूत होतं, मेंदूला त्याचा पत्ताही नसतो. पाय बघायचा नाही, तोंड बघायचं. ते पुन्हा दाबतात, जरा जोरात. शेरू गर्रकन मान वळवतो, दात दाखवतो. डॉक्टरांचा चेहरा सैल होतो. वेदना जिवंत आहे.

बोलता बोलता ते केसपेपरच्या मागे चित्र काढतात. मानेचे ७ मणके, पाठीचे १३, कमरेचे ७. दोन मणक्यांमध्ये गादी: बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. आखूड पायांच्या कुत्र्यांत हा गर पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच कोरडा, चुन्यासारखा होऊ लागतो. मग ओट्यावरून मारलेली एक उडीही पुरते. कडं फाटतं, गर वर उसळून मज्जारज्जूवर येतो. स्वीडनमधल्या एका पशुवैद्यानं १९५२ साली या दुखण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. शेरूचा हा पहिला.

वेदना शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहातली नऊ कुत्री पुन्हा चालतात. नुसत्या बंदिस्त विश्रांतीवर पाच-सहा. वेदनाच गेली असेल तर शस्त्रक्रिया करूनही जवळपास निम्मीच. पण ती सोय मोठ्या शहरांत, खर्च मोठा. हे सगळं आजींनी पहिल्याच दिवशी ऐकलंय. निघताना त्या फक्त गोळ्यांच्या वेळा पुन्हा विचारतात. डॉक्टरही तीच ताकीद पुन्हा देतात: माणसांची दुखण्याची गोळी द्यायची नाही, आणि चालू औषधाबरोबर दुसऱ्या कुणी दिलेलं औषध तर नाहीच.

दुपार. रस्ता ओस पडलाय. बेचाळीस अंशांच्या उन्हात धड कुत्रं गटाराकाठची ओल शोधतं. शेरूला सावलीत सरकताही येत नाही, म्हणून सावली त्याच्याकडे आणावी लागते. नात शेडनेटवर ओलं पोतं टाकते, पाण्याची वाटी तोंडाशी धरते. दर चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडांवर जखमा होतात. भिंतीवर खडूनं वेळा लिहिल्यात: डावी, उजवी, डावी.

ऊन उतरतं. आता व्यायाम. नात मागचा पाय हलकेच मुडपते, सरळ करते, सायकल चालवल्यासारखा. दहा वेळा हा, दहा वेळा तो. मग परीक्षा. पंजा उलटा करून, वरची बाजू गोणपाटाला टेकवून सोडायचा. निरोगी कुत्रं पापणी लवायच्या आत तो सरळ करतं. ती मोजते. एक, दोन, तीन... सातला डावा पंजा सरळ होतो. उजवा तसाच राहतो. कॅलेंडरच्या चौकटीत ती ७ लिहिते, शेजारी फुली. परवाच्या चौकटीत दोन फुल्या आहेत.

तेवढ्यात गल्लीतून मेंढ्यांचा कळप जातो. धुळीबरोबर मेंढपाळाची कुत्री. शेरू भुंकतो, पुढचे पंजे जाळीवर टाकतो, आणि मागचे पाय थरथरत अंग पेलतात. एक श्वासभर. मग तो बसतो.

नातीचा हात शेडनेटच्या गाठीवर गेलाय. "आजी, उभा राहिला! सोडू का थोडं?"

आजी तिचा हात धरतात. "तेविसावा दिवस हाय बाळा."

कडं सांधायला सहा आठवडे लागतात. दुखणं त्याआधीच कमी होतं, आणि कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो. एक धाव, एक उडी, की आतला गर पुन्हा वर. एकोणीस दिवस बाकी आहेत. आजी गाठ सोडून पुन्हा बांधतात, या वेळी दुहेरी. शेरू कण्हत जाळीला नाक लावून बसतो. नात आत निघून जाते.

रात्री अकरा. शेवटची लघवी, शेवटची कूस. आजींनी बाज शेडनेटला लागून ओढलीय. दूर मळ्याकडे कुत्री भुंकतात. शेरूचे कान उभे राहतात, घशात गुरगुर सुरू होते.

जाळीच्या वरून आजींचा हात आत येतो आणि त्याच्या मानेवर थांबतो. "झोप बाप्पा. म्या हाय जागी."

गुरगुर हळूहळू थांबते. हात तिथंच राहतो.