विदेशी गिऱ्हाईक आणि बाभुळगावचे रोडगे

यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर बाभुळगाव लागतं. तालुक्याचं ठिकाण. भोवती कापूस, तूर, सोयाबीन आणि तालुक्यातच खडक सावंग्याजवळ अडवलेलं बेंबळेचं पाणी. इथल्या मसाला कुटणाऱ्या बचत गटाला, पिशव्या शिवणाऱ्याला किंवा वावरात रोडग्यांचा बेत करून देणाऱ्या घराला ‘विदेशी पर्यटकाला माल विका’ असं कुणी सुचवलं, तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं.

‘आपल्या गावात बघायला आहे काय?’

फारसं काही नाही, हे कबूल. यवतमाळचं नाव जगात गेलं ते शेतकरी आत्महत्यांमुळे. नंतर टिपेश्वरच्या वाघामुळेही गेलं. गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तो 2019 मध्ये तेराशे किलोमीटरहून जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. या दोन्हींतून बाभुळगावच्या दुकानदाराला काही मिळालं नाही.

पण गिऱ्हाईक दारात आलं तरच धंदा, हाच मुळात गैरसमज आहे. विदेशी पाहुणा नागपूरला उतरतो, वाघासाठी ताडोबाला जातो, गांधींसाठी सेवाग्रामला जातो. वर्धा आपल्याला लांब नाही. तिथलं मगन संग्रहालय 1938 साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. खादी आणि नैसर्गिक रंगांचं काम तिथं आजही चालतं, विकलंही जातं. गांधींना बघायला आलेला माणूस जाताना कापड घेऊन जातो. आपला कापूस मात्र जिनिंगमधून गाठ होऊन निघून जातो. गाठीला पर्यटक गिऱ्हाईक नसतं, पिशवीला असतं. म्हणून बाभुळगावच्या माणसानं आधी रिसॉर्टचा नकाशा काढू नये. वर्ध्याच्या किंवा ताडोबाच्या वाटेवरच्या एखाद्या दुकानात आपल्या चाळीस पिशव्या ठेवून बघाव्यात. दुकानदार कमिशन घेईल. त्याचं दुःख करू नये, भाडं वाचलं म्हणावं.

‘विदेशी म्हणजे गोरा, गळ्यात कॅमेरा.’

कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर 1999 मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीनं उभं राहिलं. नागपूरला दीक्षाभूमीवर बौद्ध देशांतून माणसं येतात. आणि डिसेंबरात अमेरिकेतून, आखातातून घरी आलेली आपलीच पोरं? त्यांच्यासोबतची इंग्रजी बोलणारी नातवंडं? तेही विदेशातूनच आलेलं गिऱ्हाईक आहे, आणि त्याला ठेचा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

‘त्यांना आपलं तिखट चालत नाही, पास्ता ठेवावा लागेल.’

पास्ता त्यांच्या घरी चांगला मिळतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, वरण आणि वांग्याची भाजी हे दुसरीकडे मिळत नाही. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी 2005 पासून कृषी पर्यटन उभं केलं, ते शहरासारखं हॉटेल काढून नव्हे, शेतीच दाखवून. तिखट वाटीत वेगळं द्यावं, एवढंच. पाहुणा नाराज होतो तो तिखटामुळे नाही, संडासामुळे. पिण्याचं पाणी आणि संडास, या दोन गोष्टींवर खर्च करायला आपण सगळ्यात जास्त कुरकुरतो. आणि तो रात्री मुक्कामी राहणार असेल, तर त्याची माहिती 24 तासांच्या आत सरकारी संकेतस्थळावर भरावी लागते. ‘फॉर्म सी’ म्हणून हे काम ओळखलं जातं. हॉटेल असो की घर, सुटका नाही.

‘एक्स्पोर्ट लायसन्स लागेल, ते आपल्या आवाक्याबाहेरचं.’

हा सगळ्यात हट्टी गैरसमज, म्हणून जरा सविस्तर. पर्यटकानं तुमच्या टेबलावर पैसे देऊन हळद घेतली आणि बॅगेत टाकली, तर ती तुमच्यासाठी साधी स्थानिक विक्री आहे. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी, पण ती तर गावच्या बाजारात विकायलाही हवीच.

त्यानं परत गेल्यावर ‘आणखी दहा पाकिटं पाठवा’ म्हटलं, तेव्हा ती निर्यात होते. मग आयात-निर्यात कोड लागतो. तो पॅनवर निघतो, अर्ज ऑनलाइन, सरकारी शुल्क 500 रुपये. मुंबईला माणूस ठेवायची गरज नाही. टपाल खात्यानं डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत, तिथून पार्सलचे कागद होतात.

मात्र ‘पार्सल काय, टपालात टाकलं की पोचलं’ हाही उलट्या बाजूचा गैरसमजच. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात लागत नव्हती. ती सवलत 29 ऑगस्ट 2025 ला बंद झाली, त्या सुमारास आपल्या टपाल खात्यालाही तिकडची बरीचशी पार्सलं काही आठवडे थांबवावी लागली. वीस पाकिटांवर जगणाऱ्या घराला दीड महिना पुष्कळ होतो. सगळी गिऱ्हाईकं एकाच देशातली नसावीत, ती याचसाठी.

बॅगेत काय जातं हेही बघावं. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे प्रेमानं बांधून द्याल आणि ते विमानतळावरच्या कचरापेटीत जातील. हळद, सुकी चटणी, कापड हे सोपं.

‘नाव मोठं केलं की भाव मिळतो.’

वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या हळदीच्या पाकिटावर ‘वायगाव’ छापू नये. ते बेकायदा आहे आणि शेजाऱ्याशी बेइमानीही. मानांकनानं जग जिंकता येतं असंही नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून ते आहे, तरी जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडानं तशीच चप्पल कोल्हापूरचं नावही न घेता दाखवली. भारतातलं मानांकन इटलीत आपोआप लागू होत नाही. गलका झाल्यावर प्राडानं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. तो गलका करायला कोल्हापूर होतं. बाभुळगावच्या पिशवीची नक्कल झाली तर कोण ओरडणार? तेव्हा नावापेक्षा शिवण पक्की ठेवावी.

‘फावल्या वेळात होऊन जाईल.’

ताडोबाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो. परदेशी माणूस यायला लागतो थंडीत. नेमक्या त्याच दिवसांत इथं कापसाची वेचणी चाललेली असते, मजूर मिळता मिळत नाहीत, मागोमाग तूर सोंगणीला येते. हुरडाही तेव्हाच. पाहुण्याला दाखवण्यासारखं सगळं वावरात उभं असतं आणि दाखवणारा माणूस वेचणीच्या बायांसाठी गाडी शोधत फिरत असतो. पाहुण्यापाशी कोण थांबणार, सून की धाकटा, आणि त्याची मजुरी घरात कोणत्या हिशेबात धरायची, हे दिवाळीच्या आत ठरवावं लागतं.