देवयानीतील धूसर ठिपका

कोणत्याही उपकरणाविना मनुष्याची दृष्टी किती दूर पोहोचू शकते, असा प्रश्न विचारला असता बहुतेकांचे उत्तर चंद्र-सूर्यापाशी किंवा फार तर ताऱ्यांपाशी थांबते. उघड्या डोळ्यांना दिसणारे सारे तारे आपल्याच आकाशगंगेतील होत. परंतु निरभ्र, काळोख्या रात्री त्यांच्या पलीकडची एक वस्तू सामान्य दृष्टीच्या मनुष्यालाही दिसते. ती म्हणजे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आजचा मानव अवतरलाही नव्हता. मॅगेलनचे दोन मेघ हे तिच्याहून जवळचे व ठळक आहेत. पण ते दक्षिणेकडील देशांचे वैभव. महाराष्ट्राच्या क्षितिजावर ते जवळजवळ येतच नाहीत.

देवयानी पाहावयाची तर कार्तिक अमावास्येच्या आसपासची रात्र उत्तम. (दिवाळीची अमावास्या दिव्यांच्या झगमगाटामुळे निरीक्षकाच्या फारशी उपयोगी पडत नाही.) रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास पूर्वा व उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन माथ्यावर आलेला असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. त्या ओळीतील दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबावे व तेथून शर्मिष्ठेच्या दिशेने वळावे. वाटेत दोन मंद तारे लागतात. त्यांतील दुसऱ्याच्या शेजारी कापसाच्या पुंजक्यासारखा लांबट ठिपका दिसतो.

मात्र डोळ्यांना काळोखाची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलचा एक दृष्टिक्षेप ती सारी तयारी पुसून टाकतो. शिवाय ठिपक्याकडे सरळ रोखून पाहिल्यास तो नाहीसा होतो! दृष्टिपटलाच्या मध्यभागी शंक्वाकार पेशींची दाटी असते व त्यांना भरपूर प्रकाश लागतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार पेशी मध्यापासून दूर पसरलेल्या असतात. म्हणून नजर किंचित बाजूला ठेवावी. मैदानावरील एखादा उघडा दिवाही हे दृश्य हिरावून घेतो. ज्या वसतिगृहांच्या आवारात अजून खरा काळोख शिल्लक आहे, तेथील विद्यार्थी या बाबतीत शहरातील मुलांहून भाग्यवान म्हटले पाहिजेत.

दुर्बिणीतून प्रथम पाहणाऱ्यांचा अनेकदा हिरमोड होतो. छायाचित्रांत निळ्या-गुलाबी भुजा असतात, येथे केवळ राखाडी धुके! कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो, डोळ्याला ते साधत नाही. त्यातच ही दीर्घिका आकाशात चंद्रबिंबाच्या सुमारे सहापट लांब पसरलेली आहे. मोठ्या वर्धनाच्या दुर्बिणीत तिचे केवळ मध्य मावते. माझ्या मते साध्या द्विनेत्रीतून होणारे तिचे दर्शन अधिक समाधानकारक असते.

इसवी सन ९६४ च्या सुमारास इराणमधील अल्‌-सूफी या ज्योतिर्विदाने या ठिपक्याची ‘लहान मेघ’ अशी नोंद केली. पुढे मेसिए यांच्या यादीत त्याला ३१ वा क्रमांक मिळाला. पण हा मेघ आपल्या आकाशगंगेत आहे की तिच्याबाहेर, हा वाद १९२० पर्यंतही मिटला नव्हता. तो मिटवला एका ताऱ्याने. हेन्रिएटा लेविट यांनी सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांचा नियम शोधला होता : तेजस्विता कमी-अधिक होण्याचा काळ जितका मोठा, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी. मूळ तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले की अंतर काढता येते. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचपट्टीवर देवयानीत असा एक तारा आढळला. त्याचा आवर्तकाळ होता सुमारे ३१ दिवस. त्यावरून अंतर निघाले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. आकाशगंगेच्या तेव्हाच्या मोठ्यात मोठ्या अंदाजाच्याही हे कितीतरी पलीकडे होते.

हा आकडाही पुढे अपुरा ठरला. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहराचे दिवे मालवलेले असताना वॉल्टर बाडे यांनी त्याच दुर्बिणीने देवयानीच्या गाभ्यातील तारे सुटे करून दाखवले. ताऱ्यांच्या दोन निरनिराळ्या पिढ्या असतात, हे त्यातून उलगडले. सेफीडही दोन प्रकारचे असल्याचे ध्यानात आल्यावर १९५२ मध्ये त्यांनी ही अंतरे दुपटीहून अधिक असल्याचे जाहीर केले.

उघड्या डोळ्यांची धाव येथे जवळपास संपते. दुर्बिणींची येथून सुरू होते. भाद्रपदांच्या त्याच चौकोनाच्या दक्षिणेस मीन रास आहे. तिच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह असल्याचे पुण्यातील आयुका व आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जाहीर केले. त्याला त्यांनी ‘सरस्वती’ हे नाव दिले. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीचे वय अवघे पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांचे होते, आणि त्यातील एकही दीर्घिका कितीही गडद काळोखात नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.